पुसल्याबिगर

देवगाव रंगारी
२२ जून २०२५

विशाखास आजीचा जयभीम.

बद्रीनाथच्या टेम्पोत धम्मपालचा कॉम्प्युटर घालून दिलाय. अद्रकीच्या गोण्यांमधी बसवलाय आन वरून माझी गोधडी गुंडाळलीय. गोधडी परत पाठव, कॉम्प्युटर नको. तुझ्या बापाला मुकुंदवाडीच्या चौकात उभा राहायला सांग. बद्रीनाथ सख्ख्या भावासाठी बी ब्रेक मारत नाय.

तुझा बाप मागच्या खेपेला सांगत होता, पोरगी कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकते आन घरात कॉम्प्युटर नाय. म्हणजे पोहायला शिकायचं आन विहीर शेजाऱ्याची. म्हणून हा देते. तुझा काका त्याच्यावर साऱ्या गावाचे फारम भरायचा, सात-बारा काढायचा, पोरं पास का नापास ते बघून द्यायचा. तो गेला त्याला चार वर्षं झाली. तवापासून हा पेटीवर बसलाय, उशीचा अभ्रा घालून. येणारं-जाणारं पुसतं, आक्का, काय झाकलंय? मी म्हणते, मांजर.

मेल्या माणसाच्या वस्तू कवटाळून बसायची मला सवय नाय. त्याचे शर्ट मी महिन्याच्या आत वाटले. एक कचरूच्या अंगावर रोज दिसतो, मला काय बी होत नाय.

चालला तर वापर, नाय चालला तर तसं लिही. फोन करू नको. फोनात सगळी माणसं हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी ऐकू येत्यात. मी दुसरी शिकले, पण पुढचं धम्मपालनं पाटीवर घटवून घेतलं, वाचता येतं. जोडाक्षर मोठं काढ.

गीताबाई


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१ जुलै २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम.

कॉम्प्युटर पोचला. पूर्ण डब्याला अद्रकीचा वास येतोय. आई म्हणते, चहा या खोलीतच करत जाऊ. गोधडी पप्पांसोबत पाठवते.

पहिल्यांदा बटण दाबलं तर नुसती शिट्टी वाजली. मी खोलून आतली रॅमची पट्टी काढली आणि खोडरबरने घासून परत बसवली. हसू नकोस, सगळे असंच करतात. मग सुरू झाला. आतला छोटा सेल संपल्यामुळे त्याला तारीख आठवत नाही, २०१२ सालची एक जानेवारी दाखवतो. त्यातली जुनी सिस्टीम फार थकलीय. एक खिडकी उघडायला इतका वेळ घेते की मी मधे पोहे खाऊन आले.

म्हणून मी त्यात लिनक्स टाकणार आहे. सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी असं समज. घर तेच, कारभारी बदलायचा. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलंय आणि फुकट वाटतात. जुन्या यंत्रावर चांगलं पळतं. शहागंजातून पेन ड्राइव्ह आणलाय, त्यात ते भरून ठेवलंय.

पण त्याआधी एक विचारायचं आहे. काकाचं सामान आत तसंच आहे. गावातल्या लोकांचे फॉर्म आहेत, ते जुने झाले. एक फोल्डर मात्र वेगळा आहे, त्याला नाव दिलंय 'निशा'. त्यात त्रेचाळीस फायली आहेत, सगळ्या आवाजाच्या. काकाचाच आवाज असेल. माझ्याकडे स्पीकर नाही म्हणून ऐकल्या नाहीत, आणि काकूच्या नावाचं आहे म्हणून उघडायलाही बरं वाटलं नाही. कॉम्प्युटरची कोठी लहान आहे. हे ठेवायचं असेल तर मला आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं लागेल. ठेवू की काढू? तू सांगशील तसं करते.

तुझी विशाखा


देवगाव रंगारी
६ जुलै २०२५

विशाखास जयभीम.

फुकट वाटत्यात त्याला मालक नसतो, आन मालक नसलेल्या वावराची राखण कोण करतं, ते बी तुझ्या मास्तरला पुस. पण तुझं शिक्षण, तू जाण.

खोडरबरचं वाचून हसले नाय. आम्ही रेडिओला चापट मारायचो, चालायचा.

ते दुसरं जे लिहिलंस, ते वाचून जेवण गेलं नाय. ठेवायचं का काढायचं, ते मला कामून सांगायला लावतीस? पुसल्याबिगर त्याला हात लावू नको. आधी नीट पुसून घे आन मग तुझं नवं काय ते बसव. एवढंच सांगते, दुसऱ्यांदा सांगणार नाय. आन ते नाव तू कागदावर काढलंस ते काढलंस, परत माझ्या घरी पाठवू नको.

पाऊस बरा हाय. अद्रकीला पाणी साचू नये म्हणून चर काढायला माणूस मिळत नाय. तुझा बाप आला नाय अजून. गोधडी?

गीताबाई


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२० जुलै २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम.

झालं! रविवारी सकाळी बसले आणि दुपारच्या जेवणाआधी नवा कारभारी कामाला लागला.

पेन ड्राइव्ह लावला, बटणं दाबली, आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. आई म्हणाली, बिघडवलंस. मग छान निळी खिडकी आली आणि तिने पहिला प्रश्न केला, भाषा कोणती? यादीत मराठी होती. मी मुद्दाम मराठी घेतली, तुला सांगता येईल म्हणून. पुढे गेल्यावर त्याने विचारलं, काय करू? जुन्याच्या शेजारी नवं ठेवू, की 'डिस्क पुसून टाका'? आजी, अगदी तुझाच शब्द! मला हसू आलं. म्हटलं, आजीने या यंत्राला पण पत्र लिहिलं वाटतं.

खरं सांगते, तिथे माझा हात थांबला होता. शेजारून स्पीकर मागून आणावा आणि काकाचा आवाज एकदा ऐकावा असं वाटलं. पण तू बजावलं होतंस की पुसल्याशिवाय हात लावू नको. तुझ्या मनात काकूचा काय राग आहे ते मला नीट माहीत नाही, तेव्हा मी लहान होते. तुझं दुःख तुझं. म्हणून काही न ऐकता 'पुसा'वर दाबलं. तू दोनदा लिहिलं होतंस म्हणून बाहेरून ओल्या फडक्यानेही पुसला. आता त्याला तारीखही कळते, मी सेल बदलला.

रोज त्यावर अभ्यास करते. काकाचे उपकार आहेत.

गोधडी आईने धुऊन ठेवलीय, वाळली की पाठवते.

तुझी विशाखा


देवगाव रंगारी
११ ऑगस्ट २०२५

विशाखास जयभीम.

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. वाचलं आन पिठाच्या डब्याखाली ठेवलं. रोज पीठ काढायला डबा उचलते, पत्र दिसतं, डबा परत ठेवते.

पुसून घे म्हणजे विचारून घे गं. आपल्याकडं पाव्हणा आला की म्हणत्यात, पाव्हण्याला पाणी पुसलं का? मग काय पाणी फडक्यानं पुसायचं असतं? म्हाताऱ्याला कुत्रं पुसत नाय म्हणत्यात. मग काय कुत्रं फडकं घेऊन येतं? तू शहरात वाढलीस. तुमच्यात विचारत्यात, आमच्यात पुसत्यात. शाळेत तुम्हाला फळा पुसायला शिकवलं, माणसाला पुसायला कुणी शिकवलं नाय.

हे मी तुझ्यावर चिडून लिहीत होते. चार ओळी लिहून झाल्यावर हात थांबला. तू म्हणशील, आजी, कुणाला पुसायचं ते कामून लिहिलं नाहीस? तिथंच माझी गोम हाय. 'निशाला पुसून घे' असं लिहिलं असतं तर अडाण्याला बी कळलं असतं. दोन अक्षरांचं नाव. माझी लेखणी बाकी सगळ्यांची नावं काढते, सरपंचाला बी सोडत नाय, तेवढं एक नाव निघालं नाय. चूक तुझी नाय. रडू-बिडू नको.

आता बाकीचं ऐक, तुझ्या बापानं तुला सांगितलं नसणार.

निशा तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. करायची म्हणजे मी तिला करू देत नव्हते. पुस्तक घेऊन बसली की मी हाक मारायची, पाणी आण, भाकरी टाक, शेळीला बघ. मग धम्मपालनं शक्कल काढली. तिचं पुस्तक घेऊन तो कॉम्प्युटरपुढं बसायचा आन मोठ्यानं वाचून आवाज भरून ठेवायचा. ती कानात मोबाईलची बोंडं घालून ते ऐकत कापूस वेचायची, भाकरी थापायची. मी म्हणायची, सुनेच्या कानात भूत बोलतंय. त्या त्रेचाळीस फायली म्हणजे तेच.

मग २०२१ साल. तिचं परीक्षेचं काही काम निघालं, तो तिला घेऊन शहरात गेला. आला तो ताप घेऊन. नवव्या दिवशी गेला. सगळं गाव अंगणात लांब-लांब उभं होतं, आन मी त्यांच्यासमोर तिला म्हणले, तुझ्या परीक्षेनं माझा पोरगा खाल्ला. ताप तर साऱ्या मुलुखात होता. पण मला एक माणूस पाहिजे होतं बोट दाखवायला, ते घरातच सापडलं. ती महिनाभर राहिली आन भावाकडं अजिंठ्याला गेली. जाताना काय बी नेलं नाय.

दोन वर्षांनी तिनं कचरूच्या हाती निरोप धाडला. त्यांचा आवाज कॉम्प्युटरात हाय, माझा मोबाईल पाण्यात गेला, त्यातलं सगळं गेलं. कॉम्प्युटर तुमच्याकडंच ठेवा, मला तेवढं उतरवून घेऊ द्या, मी एक दिवस येऊन जाते. मी कचरूला म्हणले, तिला सांग, भंगारात गेला. कचरू पेटीकडं बघत होता. अभ्रा घातलेला कॉम्प्युटर त्याच्यापुढं, धम्मपालचा शर्ट त्याच्या अंगात. तो गेला आन तिला तसंच सांगितलं.

तुझ्या पत्रात तिचं नाव वाचलं तवा मला वाटलं, पोरगी परस्पर तिला पुसल, ती काय नेयाचं ते नेईल, आन मला कुणापुढं तोंड उघडायला लागणार नाय. फुकटात सुटायचं होतं मला.

काय निघत असलं तर बघ. तोवर कॉम्प्युटर चालवू नको.

गीताबाई


मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
३० ऑगस्ट २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम.

तू रडू नको म्हणालीस, पण ते आधीच झालं होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कॉम्प्युटर बंद केला आणि आतली डिस्क काढून शहागंजात नेली. तिथे एक अन्वरचाचा म्हणून आहेत, मिटवलेल्या डिस्कमधून माल बाहेर काढतात. त्यांनी विचारलं, पुसून किती दिवस झाले? मी म्हटलं, महिना होऊन गेला, आणि मी रोज त्यावर काम करत होते. ते म्हणाले, "बेटा, मिटवलं की लगेच जात नाही, नुसती वरची पाटी निघते. पण तू रोज त्याच्यावर नवं लिहीत गेलीस. पहिल्या दोन-चार दिवसांत आणलं असतंस तर बरंच हाती लागलं असतं."

आजी, हे तुला लागावं म्हणून लिहीत नाहीये. त्यांनी जे सांगितलं ते सांगतेय.

दहा दिवस डिस्क त्यांच्याकडे होती. त्रेचाळीसपैकी एकाच फायलीचा तुकडा निघाला. अकरा सेकंदांचा. तुला फोनवर ऐकू येणार नाही म्हणून मी लिहून देते. आधी पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज. मग काका खाकरतो आणि म्हणतो, "पाठ सतरावा. ग्रामसभा." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "निशा! अगं निशा, शेळी सुटली!" आणि संपतं.

तो आवाज तुझा आहे.

चाचांनी तो मला तीनदा ऐकवला आणि विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, माझी आजी. ते म्हणाले, माशाअल्ला, आवाजात दम आहे.

काकूला मी पत्र लिहू का? पुसलं मी, तर सांगायलाही मीच पाहिजे.

तुझी विशाखा


देवगाव रंगारी
८ सप्टेंबर २०२५

निशास गीताबाईचा जयभीम.

पत्र बघून घाबरू नको, कुणी गेलं नाय. गेलं ते आधीच गेलंय.

विशाखा तुला लिहिणार होती, मी नको म्हणले. माझ्या भाकरीचं पीठ मीच मळते. आता सांगते ते सरळ वाच, मधे थांबू नको. थांबलीस तर पुढचं वाचायची नाहीस.

कॉम्प्युटर भंगारात गेला नव्हता. कचरूनं तुला सांगितलं ते माझ्या सांगण्यावरून. तो पेटीवर होता. परवाच्या जूनपर्यंत होता. मी त्याच्यावरची धूळ रोज झाडायची. मग विशाखाला अभ्यासाला दिला. तिनं त्यात नवीन काय तरी बसवलं, आन बसवताना धम्मपालनं तुझ्यासाठी वाचलेलं सारं पुसलं गेलं. पोरीची चूक नाय. तिनं मला आधी लिहिलं होतं, ठेवू का काढू. मी तिला 'पुसून घे' असं लिहिलं आन कुणाला ते लिहिलं नाय, कारण तुझं नाव काढायचं नव्हतं. ती शहरातली, तिनं फडक्याचं पुसणं धरलं.

म्हणजे दोनदा मीच केलं. एकदा खोटं बोलून, एकदा खरं अर्धंच लिहून.

एक तुकडा वाचलाय. त्यात धम्मपाल पाठाचं नाव घेतो आन मी मधी ओरडते. साऱ्या जिंदगीत मी त्याला एक वाक्य पुरं बोलू दिलं नाय, आता यंत्रात बी दिलं नाय. आन ओरडते काय, तर तुझंच नाव. चार वर्षं जे नाव तोंडात येऊ दिलं नाय, त्याच्यातलं तेवढंच शिल्लक राहिलं, ते बी माझ्या तोंडचं. तुकडा विशाखाकडं हाय. तिचा नंबर खाली लिहिलाय. तू सांगितल्याबिगर पाठवायचा नाय असं तिला बजावलंय.

अंगणात मी जे बोलले, ते सगळ्यांसमोर बोलले. ते कागदावर मागं घेऊन भागत नाय, मला कळतं. त्या दिवशी अंगणात जेवढी होती तेवढी माणसं आता गोळा बी होणार नाहीत, काही मेली. तरी कचरूला मी सांगितलं, चावडीवर, चार लोकांत. म्हणले, ताप निशानं आणला नव्हता, आन भंगाराचं मी खोटं बोलले. तो म्हणला, मला माहीत होतं आक्का. म्हणले, मग बोलला कामून नाय? तो म्हणला, तुमच्यापुढं कोण बोलतं.

मी माफी मागत नाय. माफी मागितली की समोरच्याला द्यावी लागते, नाय दिली तर तोच वाईट. तुझ्यावर ते ओझं नको. एवढंच पुसते, मी तिकडं येऊ का? नको असलं तर नको लिही.

गीताबाई


अजिंठा
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्याबाईंना निशाचा जयभीम.

पत्र मिळून बरेच दिवस झाले. मी इथे बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. विशाखाला निरोप देऊन तो तुकडा मागवला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ऐकला, गिऱ्हाईक नसताना. मग एक गिऱ्हाईक आलं, आधार कार्डाच्या दोन प्रती काढून गेलं, मग परत ऐकला.

विशाखाला तुमचा शब्द कळला नाही, याचा मला राग नाही. तिला हे जरूर सांगा. राग भंगाराचा आहे. कचरूमामांनी निरोप आणला त्या दिवशी मी न्हाणीत बसून रडले आणि नंतर मोकळी झाले. संपलं, म्हटलं. आता तुम्ही लिहिता की तो पेटीवर होता, आणखी दोन वर्षं होता. एसटीने अर्ध्या दिवसाची वाट. हे सांगितलं नसतंत तर माझं बरं चाललं होतं. सांगितलंत तेही योग्य केलंत. मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकदम वाटतं.

परीक्षा मी सोडली. निरोप आला त्या वर्षीच. पाठ मला अजून तोंडपाठ आहेत. ग्रामसभेचा सतरावा पूर्ण येतो. पण म्हणायला गेले की माझाच आवाज येतो, त्यांचा येत नाही. तो कसा होता हेच विसरत चालले होते. आता तीन शब्द आहेत. पाठ, सतरावा, ग्रामसभा.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. शेळी सुटायची नाही. ते सोडायचे. तुम्ही घरात असलात की हाका थांबायच्या नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळं यायचं. म्हणून ते आधी जाऊन दावं सैल करून यायचे. तुम्ही शेळीमागे मळ्यापर्यंत गेलात की घर शांत व्हायचं, मग ते वाचायला बसायचे. त्या दिवशी सुटलेली शेळी तुम्हाला उशिरा दिसली म्हणून तुमचा आवाज त्यात आला. ते हसत होते, मला म्हणाले, राहू दे, पाठाला पहारेकरी मिळाला.

तुम्ही येऊ का विचारलंत. येऊ नका. इतक्यात नको.

माझं अभ्यासाचं पुस्तक तिकडेच राहिलं होतं. तेही वाटून टाकलं असेल.

निशा


देवगाव रंगारी
१४ ऑक्टोबर २०२५

विशाखास जयभीम.

निशाचं पत्र आलं. येऊ नका म्हणते. बरोबर हाय तिचं. मी तिच्या जागी असते तर येऊ नका बी लिहिलं नसतं.

तुझ्यावर तिचा राग नाय, असं तुला सांगायला सांगितलंय. सांगितलं.

शेळी सुटत नव्हती, धम्मपाल सोडायचा. मला पळवून लावायला. त्रेचाळीस पाठ, म्हणजे त्रेचाळीस वेळा मी लुगडं खोचून त्या शेळीमागं मळ्यापर्यंत पळाले, आन परत येऊन तिलाच शिव्या घातल्या. पोराला घरात दोन घटका बोलायचं तर आईला घराबाहेर काढायला लागायचं. हसावं का काय करावं, मला कळलं नाय. जनावराला फुकट मारलं ते मातर आठवलं.

तिचं पुस्तक सापडलं. ते वाटलं नव्हतं, कोण घेणार होतं. पेटीच्या तळाशी होतं, वर्षानुवर्षं त्याच्याच डोक्यावर कॉम्प्युटर बसला होता. उघडून बघितलं. जोडाक्षरं लई हाईत, मला चार ओळी बी धड वाचता आल्या नाहीत. पण प्रत्येक पाठाच्या शेवटी धम्मपालनं पेन्सिलीनं एक बारीक अक्षर काढलंय, 'शे'. आधी वाटलं शेवट. मग तिचं पत्र परत वाचलं. शेवट नाय, शेळी. मोजले. त्रेचाळीस हाईत. पुढच्या पाठांना नाय.

सतराव्याच्या 'शे'पुढं त्यानं आणखी दोन अक्षरं काढलीत. 'बाई'. मला घरात बाईच म्हणायचा.

पुस्तकावर धूळ हाय. मी पुसली नाय. पेन्सिलीचं लिहिणं, फडक्यानं जाईल म्हणून भ्या वाटलं. जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून ठेवलंय. तू दिवाळीला येशील तवा घेऊन जा, आन येताना माझी गोधडी आण, तीन महिने झाले वाळतीय.

पण पुस्तक लगेच अजिंठ्याला धाडू नको. मला वाटलं म्हणून द्यायचं आन मला वाटलं म्हणून ठेवायचं, ते आता बास. तिला त्याच्या हातची खूण बघायची असल, नसल, मला काय ठावं. तू आधी तिला फोन कर. काय काय हाय ते सगळं सांग, 'शे'चं बी सांग, 'बाई'चं सांगू नको, त्यात मला घालू नको. मग पाठवायचं का, ते निशाला विचार.

नीट वाच. पुस लिहिलं नाय. विचार लिहिलंय.

गीताबाई